सिस्टर, तुम्ही कशा आहात? परिचारिकांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्या प्रतिबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका आहे. वीसहून जास्त वर्षं वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात काढली. आता सहकाऱ्यांना मानसिक आधार देणाऱ्या गटात काम करते. खालचे प्रश्न मला कधी चेंजिंग रूममध्ये विचारले गेले, कधी रात्री तीन वाजता फोनवर, तर कधी ओव्हर देऊन (म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून) झाल्यावर दाराशी घुटमळत. उत्तरं जमतील तितकी सरळ दिली आहेत. ‘परिचारिका’ हा शब्द सवयीने येतो, पण ब्रदर मंडळींनीही हे सगळं स्वतःसाठीच आहे असं समजावं.

मला आत्ता, या क्षणी जगू नये असं वाटतंय. काय करू?

वाचणं थांबवा आणि एका माणसाला फोन लावा. बहीण, नवरा, मैत्रीण, आज ड्यूटीवर असलेली सिस्टर, कोणीही चालेल. “मला मरणाचे विचार येतायत, मला एकटीला राहायचं नाही,” एवढं वाक्य पुरे. कारणं नंतर सांगता येतात. भारतात टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. अमेरिकेत ९८८ लावा, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३.

ज्या वस्तूने स्वतःला इजा करावीशी वाटतेय, तिच्यापासून उठून लांब जा. दुसऱ्या खोलीत, शेजाऱ्यांकडे, जिथे माणसं आहेत तिथे. आपल्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. पण जा.

मरणाची ही ओढ कळेसारखी असते. चढते, असह्य होते आणि उतरते. अशा कळा आपण रुग्णांच्या उशाशी बसून पाहिल्या आहेत. ती उतरेपर्यंत तुमच्याजवळ कोणीतरी असावं, आत्ता एवढंच साधायचं आहे.

परिचारिकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण खरंच जास्त आहे का, की ही नुसती चर्चा आहे?

जास्त आहे. अमेरिकेत ज्युडी डेव्हिडसन या परिचारिका-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१६ या काळातल्या मृत्यूंची माहिती तपासली. स्त्री परिचारिकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण लाखामागे १० होतं, तर सर्वसाधारण स्त्रियांमध्ये ७. पुरुष परिचारकांमध्ये ३३, तर सर्वसाधारण पुरुषांमध्ये २७. २०२१ मध्ये अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ या दोन वर्षांसाठी परिचारिकांमध्ये लाखामागे १७.१ आणि सर्वसाधारण स्त्रियांमध्ये ८.६, म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक दिसला. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी असल्यामुळे आकडे जुळत नाहीत, पण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. दुसऱ्या अभ्यासात डॉक्टरांमध्ये सर्वसाधारण लोकांपेक्षा तसा वाढीव धोका दिसला नाही, हेही नोंदवण्यासारखं आहे. डॉक्टरांच्या आत्महत्यांवर अनेक दशकं लिहिलं-बोललं गेलं, ते योग्यच झालं. परिचारिकांची मोजदाद मात्र फार उशिरा सुरू झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत. एवढ्या मोठ्या समूहातला थोडासा वाढीव धोकासुद्धा खूप घरांचे दरवाजे ठोठावतो. पण हे समूहाचे आकडे आहेत, तुमचं भविष्य नाही. आत्महत्येचे विचार आलेली बहुसंख्य माणसं जगतात, आणि त्यातली कितीतरी पुन्हा ड्यूटीवर येतात. त्यांतल्या काही जणींसोबत मी काम केलं आहे.

दुसऱ्यांचा जीव वाचवणाऱ्या बाईला स्वतःचा जीव नकोसा का व्हावा?

या प्रश्नात दडलेलं आश्चर्यच मला खटकतं. काळजी घेणं हे आपलं काम आहे, ती काही लस नव्हे.

आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. उपचार न झालेलं नैराश्य, घरातला ताण, पैशाची ओढाताण, जुनं दुखणं, व्यसन, एकटेपण यांतलं बरंच काही एकमेकांत अडकलेलं असतं. परिचारिकेच्या बाबतीत त्यावर काही थर आणखी चढतात. डेव्हिडसन यांच्या अभ्यासात आत्महत्येपूर्वी नोकरीतल्या अडचणी असण्याचं प्रमाण परिचारिकांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळलं. चौकशी, मेमो, निलंबन, चुकीचा आरोप, खरी झालेली चूक या गोष्टींना आपण ‘ऑफिसची कटकट’ म्हणून सोडून देतो. पण जिची सगळी ओळखच ‘चांगली सिस्टर’ या दोन शब्दांवर उभी असते, तिच्या पायाखालची जमीनच सरकते.

दुसरा थर कामाच्या भाराचा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास मांडला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेला बर्नआउट होण्याची, म्हणजे कामाच्या ताणाने आतून रितं होण्याची, शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे ज्या गोष्टीने रुग्ण दगावतात, तीच गोष्ट सिस्टरलाही आतून संपवत असते.

तिसऱ्या थराला अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये नाव दिलं: नैतिक क्लेश. योग्य काय आहे ते कळतं, पण ते करता येत नाही. वेदनेने कण्हणाऱ्या म्हाताऱ्या बाईजवळ दहा मिनिटं बसायला हवं हे ठाऊक असतं, पण पलीकडे दोन सलाइन संपत आलेली असतात आणि एक नातेवाईक अंगावर ओरडत असतो. असा दिवस एकदा आला तर माणूस तो विसरतो. रोज आला तर “मीच वाईट आहे” असं मनात घर करून बसतं.

आणि शेवटचा थर, मदत न मागण्याची सवय. ट्रेनिंगमध्येच शिकवलं जातं की वॉर्डात रडायचं नाही. मीही नवीन मुलींना हे शिकवलं होतं. ती माझी चूक होती.

मी फक्त थकले आहे, मला बर्नआउट झालाय की नैराश्य? कसं ओळखायचं?

साधा थकवा झोपेने आणि सुट्टीने उतरतो. बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, आणि त्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. बर्नआउट बहुतेक वेळा ड्यूटीभोवती फिरतो. नैराश्य मात्र सुट्टीच्या दिवशीही घरी येऊन बसतं. मुलांचं हसणंही लांबून ऐकू आल्यासारखं होतं. दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, स्वतःबद्दल अपराधी वाटत असेल तर तपासणी हवी.

बर्नआउट वाढत जाऊन नैराश्याला मिळू शकतो, दोन्ही एकत्रही असू शकतात. त्यामुळे “माझं तर नुसतं बर्नआउट आहे” म्हणून थांबू नका. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी तुम्ही कदाचित रुग्णांना दिली असेल. एकदा स्वतःलाही द्या. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल, तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, आज कोणाशी तरी बोला.

सहकारिणीत कोणत्या खुणा दिसतात?

परिचारिका लपवण्यात पटाईत असतात, म्हणून पुस्तकातली यादी वॉर्डात अपुरी पडते. मी पाहिलेल्या खुणा सांगते. जिची ओव्हर कधी चुकायची नाही तिच्या नोंदींत मोकळ्या जागा दिसू लागतात. गप्पिष्ट बाई ब्रेकमध्ये औषधांच्या खोलीत एकटी उभी राहते. कोणी मागेल ती ड्यूटी घेते, नाइटवर नाइट मागून घेते, कारण घरी जायचं नसतं. किरकोळ गोष्टीवर भडकते, किंवा उलट, काहीही झालं तरी चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारू वाढते. बोलण्यात “मी नसले तरी वॉर्ड चालतोच”, “मुलांचं सगळं मार्गी लावून ठेवलंय”, “माझ्यामुळे सगळ्यांना त्रास” अशी वाक्यं येऊ लागतात.

या वाक्यांना विनोद समजून हसू नका. आपण सगळ्यांवर ओझं झालो आहोत ही भावना धोक्याच्या खुणांत फार वरची आहे. आणि खूप दिवस खचलेली मैत्रीण कारण नसताना अचानक शांत, मोकळी दिसू लागली, आवडत्या वस्तू वाटू लागली, निरोपासारखं बोलू लागली, तर “बरं झालं, सावरली” असं ठरवण्याआधी तिच्याजवळ बसा.

आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर तो विचार तिच्या डोक्यात मी घालेन का?

नाही. २००५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या दोन हजारांवर शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात, आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये त्रास किंवा तसे विचार वाढलेले दिसले नाहीत. उलट आधीच खचलेल्या मुलांचा त्रास किंचित कमी झालेला दिसला. नंतरच्या अभ्यासांचाही सूर असाच आहे. आपण छातीत दुखतंय का हे विचारल्याने कोणाला हार्ट अटॅक येत नाही. इथेही तसंच आहे.

मग विचारायचं कसं? शब्दच सुचत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा असा विचारला जातो: “काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?” या वाक्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. समोरची “नाही गं” म्हणते आणि दोघींची सुटका होते. म्हणून ‘ना’ गाळा आणि ‘वेडंवाकडं’ही गाळा. एकांतात, ओव्हर देऊन झाल्यावर, फोन बाजूला ठेवून आधी जे दिसलं ते सांगा: “गेले पंधरा दिवस तू जेवायच्या सुट्टीत खोलीतून बाहेर येत नाहीस. मला काळजी वाटते.” मग थेट विचारा: “तुला जीव नकोसा होतो का? आत्महत्येचा विचार येतो का?”

आणि मग गप्प राहा. ती गप्प बसली तरी तुम्ही मध्ये बोलू नका. पहिल्या वेळी मला ते अर्धं मिनिट अर्ध्या तासासारखं गेलं होतं.

ती “हो” म्हणाली तर घाबरून उपदेश करू नका. मुलांचं काय होईल, देवाने दिलेलं आयुष्य, तुझ्यापेक्षा कितीजण दुःखात आहेत, यातलं काहीही बोलू नका. तिला हे सगळं माहीत असतं, त्याने फक्त तिचा अपराधीपणा वाढतो. “सांगितलंस ते बरं केलंस” एवढं म्हणा. मग पुढचे प्रश्न विचारा: विचार कधीपासून आहे, कसं करायचं हे ठरवलं आहे का, तशी तयारी केली आहे का, आज करावंसं वाटतंय का. योजना किंवा तयारी असेल, तर तिला एकटीला सोडू नका आणि तिच्यासोबत कॅज्युअल्टीपर्यंत किंवा मानसोपचारतज्ज्ञापर्यंत जा. ड्यूटीची व्यवस्था दुसरं कोणीतरी बघेल. ठरवलेलं साधन तिच्या हातापासून लांब नेण्याबद्दल तिच्याशी आणि घरच्या विश्वासू माणसाशी बोला. साधन हाताशी नसेल तर आवेगाची घडी बहुतेक वेळा निघून जाते. आत्महत्या रोखण्याच्या उपायांमध्ये याचा पुरावा सगळ्यात भक्कम असलेल्यांत गणला जातो.

तिने “कोणाला सांगू नकोस” अशी शपथ घातली तर?

शपथ घेऊ नका. “तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, पण कोणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू,” असं आधीच सांगा. ती रागावेल. रागावलेली मैत्रीण समोर असते, तिच्याशी पुढे बोलता येतं.

तिला मदत नकोच आहे. आता मी काय करू शकते?

धोका तातडीचा नसेल तर धीर धरा आणि दार उघडं ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने नैराश्यासाठी किंवा आत्महत्येच्या धोक्यामुळे हॉस्पिटलात दाखल झालेल्या, पण नंतर पुढचे उपचार नाकारलेल्या माणसांना काही वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. त्यात मागणी नव्हती, उपदेश नव्हता, फक्त तुमची आठवण आहे, बरं असावं, इतकंच. पत्रं गेलेल्या गटात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्या कमी झाल्या. आपल्या हातात तर मोबाइल आहे. “आज नाइट आहे ना तुझी? सकाळी सोबत निघू,” एवढा निरोप खूप काही करतो. उत्तर आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा.

माझ्या हातून औषधाची चूक झाली. रुग्ण वाचला, पण मी स्वतःला माफ करू शकत नाही.

अशा अवस्थेतल्या कर्मचाऱ्याला अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटलं. पहिला बळी अर्थातच रुग्ण आणि त्याचं कुटुंब. हा शब्द सगळ्यांना पटत नाही, रुग्णांच्या काही नातेवाइकांना तो टोचतो, आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. पण त्यामागची अवस्था खरी आहे: तोच प्रसंग डोक्यात पुन्हापुन्हा फिरतो, झोप लागत नाही, पुढची प्रत्येक सिरिंज भरताना हात कापतो, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं.

सुझन स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसुरी विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत अशा कर्मचाऱ्यांशी बोलून सावरण्याचे टप्पे मांडले. शेवटी माणूस तीनपैकी एका वाटेने जातो: काम सोडतो, कसाबसा टिकून राहतो, किंवा त्यातून शिकून पुन्हा उभा राहतो. कोणती वाट मिळेल, यात आजूबाजूच्या माणसांचा मोठा वाटा असतो. म्हणून तिथे आधाराच्या तीन पायऱ्या आखल्या गेल्या: पहिली स्वतःच्या विभागातल्या सहकाऱ्याची, दुसरी प्रशिक्षित सहकाऱ्यांची, तिसरी तज्ज्ञांची.

चूक झाली तर ती नोंदवा, रुग्णासाठी जे करायचं ते करा आणि त्याच दिवशी एका विश्वासू सहकारिणीला सांगा. एकटीने घरी घेऊन जाऊ नका. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडून अशीच चूक झाली होती. तिथल्या वरिष्ठांनी सगळ्या वॉर्डासमोर मला उभं केलं. त्या रात्री मी घरी पोहोचले, यामागे फक्त एक कारण होतं. एक आया माझ्यासोबत स्टॉपपर्यंत चालत आली आणि बस येईपर्यंत थांबली. ती काहीच बोलली नाही.

चौकशी चालू असताना विशेष काळजी का घ्यायला सांगतात?

कारण तेव्हा माणूस वॉर्डातूनही तुटतो आणि पगारातूनही. निलंबनाचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी हातात देऊन घरी पाठवणं ही क्रूर पद्धत आहे. पत्र देणाऱ्याने सोबतीला कोण आहे हे विचारलं पाहिजे आणि चौकशीशी संबंध नसलेला एक माणूस तिच्या संपर्कात राहील अशी व्यवस्था केली पाहिजे. दोष सिद्ध झाला तरी तिचा जीव हा शिक्षेचा भाग नाही.

वॉर्डात भीषण प्रसंग झाला की लगेच सगळ्यांना बसवून बोलतं करावं का?

जबरदस्तीने नको. एकाच बैठकीत सगळ्यांना घडलेलं पुन्हा तपशीलवार सांगायला लावण्याची पद्धत एके काळी खूप चालायची. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) या पद्धतीने आघातानंतरचा मानसिक विकार टळतो असं दिसलं नाही, आणि काहींना उलट अपाय होत असावा अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवते. म्हणजे आधी पाहा, मग ऐका, मग जोडून द्या. कोण थरथरतंय, कोणाला घरी सोडायला हवं, कोणाला फक्त बाथरूममध्ये पाच मिनिटं हवीत, हे पाहा. जी बोलेल तिचं ऐका. जिला पुढची मदत लागेल तिला ती मिळवून द्या.

काही दिवसांनी, मोकळेपणाने, ज्याला यायचं त्याने यावं अशी बैठक वेगळी. अमेरिकेत केनेथ श्वार्ट्‌झ या वकिलाने कर्करोगाच्या आजारपणात काळजीवाहकांच्या माणुसकीबद्दल लिहिलं. १९९५ मध्ये तो गेला आणि त्याच्या नावाने ‘श्वार्ट्‌झ राउंड्स’ सुरू झाले. त्यात उपचारांची चर्चा होत नाही, काम करताना मनाला काय वाटलं यावर बोलणं होतं. सर्जन आणि वॉर्डबॉय एकाच वर्तुळात बसलेले असतात. वरिष्ठाने “मलाही त्या रात्री झोप लागली नाही” म्हटलं की बाकीच्यांचे खांदे खाली उतरताना दिसतात.

सततच्या नाइटमुळे मनावर खरंच परिणाम होतो का?

होतो. निद्रानाश हा नैराश्याचा आणि आत्महत्येच्या विचारांचाही ज्ञात धोका आहे. १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरली, आणि २४ तासांनी ०.१० टक्के असल्यासारखी. रात्रभर ड्यूटी, सकाळी स्वयंपाक-शाळा, दुपारी दोन तास झोप आणि पुन्हा ड्यूटी करणारी बाई कोणत्या अवस्थेत औषधं मोजते, आणि कोणत्या अवस्थेत स्वतःच्या आयुष्याबद्दल मत बनवते, याचा विचार करा. रात्री चार वाजता आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि तो पाळते.

मानसोपचार घेतले तर नोकरी किंवा नोंदणी जाईल का?

ही भीती जगभर आहे आणि तिने जीव घेतले आहेत. न्यू यॉर्कच्या डॉ. लोर्ना ब्रीन एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, आत्महत्येने गेल्या. उपचार घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल अशी धास्ती त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. १८ मार्च २०२२ रोजी त्यांच्या नावाने अमेरिकेत आरोग्यकर्मींच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. परवान्याच्या आणि नेमणुकीच्या अर्जांतून “तुम्ही कधी मानसोपचार घेतले आहेत का” असे प्रश्न काढून टाकण्यासाठी त्यांचं कुटुंब तिथे झटत आहे. विचारायचंच तर एवढं विचारावं, की आज काम सुरक्षितपणे करण्यात काही अडथळा आहे का. मधुमेह असलेली सिस्टर काम करते, तशीच नैराश्यावर गोळी घेणारीही करते. धोका उपचार न घेण्यात जास्त आहे.

व्यवहाराची गोष्ट: शक्य असेल तर स्वतःच्या हॉस्पिटलबाहेरचे तज्ज्ञ निवडा आणि पहिल्याच भेटीत गोपनीयतेबद्दल विचारून घ्या. स्वतःच गोळी ठरवून घेऊ नका. नैराश्यावरच्या औषधांचा गुण जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. मधल्या काळात “काही फरक नाही” म्हणून सोडू नका, आणि विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवा.

सुरक्षा आराखडा म्हणजे काय?

बरं वाटत असताना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला एक कागद. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी त्याची रचना केली. माझी घसरण सुरू झाली हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटी काय करू शकते, मन वळवायला कोणाकडे किंवा कुठे जाऊ शकते, मदत कोणाकडे मागू, कोणत्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करू, घरातून काय लांब ठेवायचं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इमर्जन्सी विभागांत हा आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये, नेहमीची सेवा मिळालेल्यांच्या तुलनेत, पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी होतं. एका पानाचं काम आहे. केअर प्लॅन आपण आयुष्यभर दुसऱ्यांचे लिहिले, हा आपला.

मी इनचार्ज किंवा मेट्रन आहे. योग शिबिर आणि प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं, पुरे ना?

नाही. योग चांगला आहे, पण दोन जणींचं काम एकीवर टाकून तिलाच शिबिराला बसवलं, तर तिला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: कमी तूच पडतेस.

रोस्टरपासून, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकापासून, सुरुवात करा. नाइट संपवून आलेल्या मुलीला दुसऱ्या सकाळी लावू नका. ऑफ शेवटच्या क्षणी रद्द करू नका, आणि करावा लागला तर कारण सांगून भरून द्या. ब्रेक कागदावर नको, तिच्या रुग्णांकडे कोण बघेल हे नावानिशी ठरवलेलं हवं. आजारपणाची रजा मागणाऱ्याला पुरावा मागण्याच्या सुरात बोलू नका. मनुष्यबळ कमी असेल तर आकडे लेखी वर पाठवत राहा. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून परिचारिका आणि रुग्णांचं किमान प्रमाण बंधनकारक केलं, अतिदक्षता विभागात एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त दोन रुग्ण. तेही आपोआप घडलं नाही, परिचारिकांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या.

नाव न सांगता तपासणी करून घेता येईल अशी सोय करा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्राने डॉक्टरांसाठी २००९ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला आणि २०१६ मध्ये तो परिचारिकांसाठी खुला केला. कर्मचारी निनावी प्रश्नावली भरतो, समुपदेशक त्याला निनावीच उत्तर देतो, आणि पुढे यायचं की नाही ते कर्मचारी ठरवतो.

नातेवाइकांनी हात उगारला तर “जाऊ दे, त्यांचा माणूस गेलाय” म्हणून मिटवू नका. तक्रार तुम्ही करा, तिला एकटीला ठाण्यात पाठवू नका. आणि नवीन मुलीला टोचून बोलणारी एखादी जुनी सिस्टर सगळ्यांना माहीत असते. तिला थांबवणं हेही आत्महत्या प्रतिबंधाचंच काम आहे.

विद्यार्थिनींसाठी वेगळं काही?

पहिला मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थिनीला त्या दिवशी वसतिगृहात एकटीला पाठवू नका. आणि नापास होणं, घरून पैसे न येणं, नातं तुटणं या गोष्टी ‘बालिश’ समजू नका.

घरच्यांनी काय करावं?

नाइटनंतरची झोप ही झोप आहे, आळस नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. “तू तर नर्स, तुला काय होतंय” हे वाक्य घरातून हद्दपार करा. ती बोलली तर उपाय सुचवायची घाई नको. तिच्यासाठी डॉक्टरची वेळ घ्या, सोबत जा, बाहेर बसा.

आमची एक सहकारिणी आत्महत्येने गेली. वॉर्डाने काय करावं?

आधी बातमी नीट सांगा. कुटुंबाची संमती घेऊन, प्रत्येक पाळीला, प्रत्यक्ष, माणसाच्या तोंडून. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. कसं घडलं याचे तपशील सांगू नका, एका कारणावर बोट ठेवू नका, आणि तिला हुतात्मा किंवा भित्री यांपैकी काहीही बनवू नका. अशा बातमीचे तपशील आधीच काठावर असलेल्यांना आत ओढतात. उलट, संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट संरक्षण देते. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हा परिणाम वर्तमानपत्रांच्या बातम्यांतून दाखवला.

तिच्या जवळच्या मैत्रिणी, तिच्याशी शेवटचं भांडण झालेली, तिच्यासोबत शेवटची ड्यूटी केलेली, पूर्वी स्वतः प्रयत्न केलेली, यांना वेगवेगळं भेटा. “मी त्या दिवशी विचारायला हवं होतं” हे सगळ्याच म्हणतील. त्यांना सरळ सांगा की एका प्रश्नावर सगळं अवलंबून नव्हतं. तिचं लॉकर घाईने रिकामं करू नका. रोस्टरवरच्या तिच्या नावावर पेनाने काट मारू नका. नवीन रोस्टर छापा. आमच्याकडे ती काट महिनाभर भिंतीवर होती, आणि रोज तिथून जाणाऱ्या मुलींच्या नजरा मला अजून आठवतात.

उपचार घेऊन परत ड्यूटीवर येणाऱ्या सहकारिणीशी कसं वागायचं?

पहिले काही आठवडे नाइट नको, आणि काय झालं होतं हे कोणी विचारणार नाही एवढं आधीच सगळ्यांना सांगा. काय सांगायचं, किती सांगायचं ते ती ठरवेल. तिच्या हातातून किल्ल्या काढून घेऊन तिला कोपऱ्यातलं कागदी काम देऊ नका, डॉक्टरांनी तसं सुचवलं असेल तर गोष्ट वेगळी. दर आठवड्याला दहा मिनिटं तिच्याशी बसा आणि तोच थेट प्रश्न पुन्हा विचारा, विचार येतात का. पहिल्या सकाळी तिला गुच्छ नको, टाळ्याही नकोत. ओव्हर घेताना नेहमीसारखं म्हणा, “ये, आज चार ते आठ बेड तुझ्याकडे. पाचवर लक्ष ठेव, रात्रभर ताप होता.”